पेटीवाले काका आणि पेंग्विन

काकांनी मला जागा दिली ती माझ्या आवाजावर. मालवणात कॉम्प्युटर क्लास काढायचा म्हणून मी घाटावरून आले होते आणि तळमजल्यावरची, स्वतंत्र दाराची खोली बघायला त्यांच्या अंगणात उभी होते. झोपाळ्यावर एक गृहस्थ बसले होते. खाली हाफ पँट, वर कडक इस्त्रीचा शर्ट. मी माझं नाव, गाव, शिक्षण असं सगळं सांगेपर्यंत ते डोळे मिटून बसले आणि मग आत तोंड करून म्हणाले, "पांढरी पाच आसा. चेडू बरा आसा." पांढरी पाच ही हार्मोनियमवरची पट्टी, हे मला मागाहून कळलं; मुलगी बरी आहे, एवढं तेव्हाच कळलं.

आतून काकींचा आवाज आला, की मागचा भाडेकरूही पांढरी पाचच होता आणि जाताना नळाची तोटी काढून घेऊन गेला. त्यावर काकांनी खुलासा केला, की तो पांढरी पाच नव्हता, किंचित उतरलेला होता, आणि त्यांना तेव्हाच संशय आला होता. मला जागा मिळाली.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर एक्सचेंजमध्ये वायरी जोडल्या आणि उरलेल्या आयुष्यात हार्मोनियम दुरुस्त केल्या. तिकडे हार्मोनियम कोणी म्हणत नाही, पेटी म्हणतात. खाऱ्या हवेने आतल्या पितळी पट्ट्या खराब होतात आणि पेटीचा सूर उतरतो, त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या देवळांच्या पेट्या काकांच्या वरच्या पडवीत पडलेल्या असत. दिवसभर वरून "सा… सा… सा" असा एकच सूर ऐकू येई आणि त्यावर खाली माझी मुलं टायपिंग शिकत. गंमत म्हणजे काका पेटी लावत, पण वाजवत नसत. सूर जुळला की झाकण बंद. कोणी "काका, एखादो अभंग वाजवा" म्हटलं, की त्यांना एकदम बाजारात काम निघे.

सुराच्या खालोखाल काकांचा छंद म्हणजे प्रामाणिकपणा. छंदच म्हणायचा, कारण त्याचा त्रास इतरांना होई. शेजाऱ्याच्या माडाचा नारळ आमच्या आवारात पडला, की काका तो उचलून कुंपणापलीकडे फेकत. नारळ शेजाऱ्याच्या पडवीच्या कौलांवर पडे. शेजारी म्हणे, काका, नारळ ठेवा तुम्ही, माझी कौलं राहू द्यात. काका म्हणत, कौलं तुझी, नारळ तुझा, मी मध्ये कोण?

हा प्रामाणिकपणा एक दिवस माझ्या क्लासात उतरला. त्या काळी कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस आतलं सॉफ्टवेअरही सीडीवरून भरून देई, आणि ते कुठून आलं हे कोणी विचारत नसे. काकांनी विचारलं.

"ह्यां सगळा तू इकत घेतलंस?"

मी म्हटलं, विकत कोणीच घेत नाही, सगळे असंच वापरतात. त्यांनी सगळे म्हणजे कोण, अशी नावानिशी चौकशी सुरू केली. बँकेजवळचा झेरॉक्सवाला, फोटो स्टुडिओवाला, पलीकडच्या गल्लीतला दुसरा क्लास. प्रत्येक नावाला काका खेदाने मान हलवत. शेवटी त्यांनी निकाल दिला, की त्यांच्या छपराखाली चोरीचा माल राहणार नाही. मी हवालदिल झाले. बरीच रदबदली झाली. दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि तोवर निदान एक मशीन शुद्ध करावं असं ठरलं. माझ्याकडे टपालाने फुकट आलेली लिनक्सची एक सीडी पडून होती. ती फुकट कशी, कोणी पाठवली, त्या माणसाला काय मिळतं, हे सांगताना माझा घसा सुकला. जगातले पुष्कळ लोक आपापल्या घरी बसून एक सॉफ्टवेअर लिहितात आणि सगळ्यांना वाटून टाकतात, हे काकांना पटायला वेळ लागला नाही. "म्हंजे आमच्या गावच्या दशावतारासारख्या," ते म्हणाले. त्या लिनक्सचं चिन्ह पेंग्विन आहे असं मी सांगितल्यापासून त्यांनी त्या मशीनचं नाव पेंग्विन ठेवलं.

सीडी घालण्याआधी मात्र देवाला गाऱ्हाणं घातलंच पाहिजे. नवीन होडी पाण्यात घाला, विहीर खणा, नाहीतर मुलगी बघायला निघा, गाऱ्हाण्याशिवाय काही होत नाही. काकांनी मॉनिटरसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ह्या यंत्रात नवो कारभार मांडल्यान आसा. चोरीचो माल भायर काढलो, हक्काचो माल भितर घातलो. काय वाकडा-नाकडा झाला असात, तर तां सरळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकी आणि सगळी मुलं एका सुरात म्हणाली. मी घाटावरची, मला हे ठाऊक नव्हतं. माझं "व्हय म्हाराजा" मागाहून आणि एकटंच आलं. काका थांबले आणि त्यांनी ते वाक्य सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेतलं. इतकं करून सीडी अर्ध्यावर असताना भारनियमन सुरू झालं आणि वीज आल्यावर नव्या नारळासह सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

हा सगळा थट्टेचा मामला होता, पण त्याच आठवड्यात काकींनी मासळीबाजारातून बातमी आणली. मसुऱ्याच्या बुवांच्या घशात गाठ निघाली होती. गोव्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि त्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार होता. बुवांनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. मी तेव्हा काकांच्या पडवीतच जेवत होते. काकांनी हातातला घास खाली ठेवला, कढीत मीठ जास्त झालंय म्हणाले आणि उठून गेले. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधीच ते दारात उभे. "ह्या पेंग्विनात गाणा रेकॉर्ड करूक येता?"

बुवा कोण ते मला काकींनी सांगितलं. भजनी मंडळात गाणारा मुख्य माणूस म्हणजे बुवा, आणि मसुऱ्याचे बुवा म्हणजे त्यांच्या काळात अख्ख्या किनाऱ्यावर गाजलेलं नाव. त्यांच्या शेजारी पेटीवर बसत ते आमचे काका. तिकडे डबलबारी असते: दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात, एकाने गजर म्हणायचा, दुसऱ्याने त्याला सवाई उत्तर द्यायचं, आणि ऐकायला गावंच्या गावं लोटतात. वीसेक वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका बारीत बुवांचा सूर लागेना. दोनदा प्रयत्न केला, नाही लागला. समोरचं मंडळ हसायला लागलं. तेव्हा बुवा माईकवर, त्या सगळ्या गर्दीसमोर म्हणाले, "पेटी बेसूर आसा."

"ह्ये उठले," काकी म्हणाल्या, "पेटी थंयच टाकली आणि मिळाली ती एसटी पकडून घराक इले. बुवा पेटयेशिवाय गायले आणि बारी जिंकले. ता ह्येंका जास्त लागला."

तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. एकाच लग्नाला गेले, तर एक मांडवाच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. काकांनी पेटी वाजवणं सोडलं आणि जगातल्या सगळ्या पेट्या सुरात आणायचं व्रत घेतलं. आणि आता ज्या आवाजासाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली, तो दसऱ्यानंतर राहणार नव्हता. हे त्यांनी माझ्याशी एकदाही बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले ते एवढंच, की बुवांचा आवाज चोरीच्या सॉफ्टवेअरात घ्यायचा नाही, आणि कसल्याही ऐऱ्यागैऱ्या सॉफ्टवेअरात तर नाहीच नाही. आधी नीट निवड करायची.

ही निवड श्रावणात सुरू झाली.

फुकटच्या जगात फार तर एखादं सॉफ्टवेअर मिळेल अशी माझी समजूत होती. मिळाली ढीगभर. पहिलं होतं ऑडॅसिटी. त्यात एक लाल गोल बटण. दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. काकांनी त्यात एकदा खोकून बघितलं, खोकला परत ऐकला आणि ते नापास केलं. एवढं सोपं असेल तर त्यात कुठेतरी खोट असणार. टेलिफोन खात्यात सोप्या गोष्टी नेहमी पहिल्या बिघडतात.

दुसरं रोझगार्डन. नाव ऐकून काका खूश झाले, पण उघडल्यावर पाच रेघांवर विलायती स्वरलिपी दिसली. टेलिफोनच्या तारांवर कावळे बसलेले आपण जन्मभर बघितलेत, ते परत कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तरी ते यादीत राहिलं, कारण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ होतं आणि शिकण्यासारखं काही दिसलं की काकांना ते सोडवत नसे. मग एलएमएमएस. त्यात नाना तऱ्हेची वाद्यं, चौकोनाचौकोनांत ठोके भरायची सोय, पण माईकमधून माणसाचा आवाज आत घ्यायची सोयच नाही. काका सगळे मेनू उघडून दमले. "सगळा आसा," ते म्हणाले, "गाणाऱ्याक तेवढी जागा नाय."

हायड्रोजन नावाच्या सॉफ्टवेअरात आम्ही भजनी ठेका भरला. चौकोनावर टिचक्या मारत मी आणि काका, आणि मागे उभी राहून हसणारी मुलं. ठेका सुरू झाला. अगदी बिनचूक. काका बराच वेळ ऐकत राहिले, मग त्यांनी मला विचारलं, की हा जो कोण आत वाजवतोय त्याला घाम कसा येत नाही.

खरं भांडण होतं ते आकड्याशी. कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, कोपऱ्यात लयीचा आकडा आधीच बसलेला असे. बहुतेकांत एकशेवीस, एलएमएमएसमध्ये एकशेचाळीस. काकांना तो स्वतःचा अपमान वाटे. "बुवा गजर उचलता तेवा बैलगाडी असता," त्यांनी मला समजावलं. "मगे एसटी होता. मगे शेवटाक काय होता तां सांगूक येणा नाय, देव अंगात येता. आणि ह्येका आधीच आकडो व्हयो. शिरा पडो ह्येच्या एकशेविसार." मी त्यांच्या वतीने इंटरनेटवर एका मंचावर प्रश्न टाकला, की हळू सुरू होऊन वेग घेणाऱ्या समूहगायनासाठी कुठलं सॉफ्टवेअर बरं. कुठल्यातरी देशातल्या एका भल्या माणसाने तत्परतेने उत्तर दिलं. त्यात उलट विचारलं होतं, की तुमच्या गाण्याचा आकडा किती?

मग आर्डर सापडलं आणि आमचे तीन आठवडे त्यात गेले. आर्डर चालवायचं तर आधी जॅक नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर सुरू करावं लागे. त्यात पडद्यावर डाव्या बाजूला आवाज कुठून येतो ते आणि उजव्या बाजूला कुठे जातो ते, आणि मधे माऊसने ओढून वायर जोडायची. काकांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी एक्सचेंजच्या बोर्डापुढे बसवलं नव्हतं. रोज सकाळी येऊन ते वायरी जोडत, तोडत, परत जोडत. माईक एकला, एक दोनला, दोन परत एकला. मी विचारलं, की रेकॉर्डिंग कधी? ते म्हणाले, लाईन क्लिअर झाल्याशिवाय कॉल लावायचा नसतो.

त्यात माईकमध्ये बोललेलं हेडफोनमध्ये जरा मागाहून ऐकू येई. "माझो आवाज माझ्या मागसून कित्याक येता? तो काय एसटीन येता?" यावर उपाय होता, पण आकडे बदलायला गेलं की आवाज अडखळे, आणि अडखळणं थांबवायला गेलं की परत एसटी. या सगळ्यात नारळी पौर्णिमा झाली. चतुर्थी आली. बुवांनी घरच्या गणपतीपुढे शेवटची आरती म्हटली, असं कोणीतरी येऊन सांगितलं. आवाज अजून आहे, पण मधे मधे तुटतो. काका ऐकून घेत आणि पुन्हा पडद्याकडे वळत. मला राहवेना. एक दिवस मी सरळ म्हटलं, की काका, कुठल्याही एकावर बोट ठेवा, बुवांचा घसा काही तुमच्या निवडीसाठी थांबणार नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, उतावळेपणा घाटी लोकांचा. मी चिडून दोन दिवस त्यांच्याकडे कढी प्यायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण कढी चांगली असे.

नवरात्र संपत आलं तेव्हा दोनच उमेदवार उरले होते, आर्डर आणि रोझगार्डन. काकांनी जाहीर केलं, की आता माणसाची बुद्धी संपली, देवाला कौल लावायचा.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवापुढे प्रश्न मांडतो. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्नं, जमिनी, होड्या, निवडणुका, सगळं या पाकळ्यांवर ठरतं. लिनक्सवरचं संगीताचं सॉफ्टवेअर ठरवायला त्या देवळात आजवर कोणी आलं नसावं. काका, काकी आणि मी गाभाऱ्यासमोर उभे. काकांनी गुरवाला समजावलं, उजवी म्हणजे आर्डर, डावी म्हणजे रोझगार्डन. गुरवाने ती नावं आपल्या परीने देवाला सांगितली. आम्ही वाट बघत बसलो. उजवी पडेना, डावीही पडेना. काकांनी आर्डरचे गुणदोष देवाला थोडे विस्ताराने सांगितले. तरी काही नाही.

गुरव अखेर कंटाळला. "देव गावचो आसा, काकानू. त्येका सोपा इचारा. व्हय नायतर नाय, असा."

काकींनी पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढे झाल्या.

"बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या, "ह्येंनी बुवाच्या घराक जावचा काय नको, तां सांग."

उजवी पाकळी पडली. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, पाकळ्या इतका वेळ चिकटून सुकल्या होत्या, कधीतरी पडणारच होत्या. पण मला त्याच क्षणी कळलं, की दोन महिने आम्ही काय करत होतो. सॉफ्टवेअर ठरलं की मसुऱ्याला जावं लागणार होतं, म्हणून ते ठरत नव्हतं. काकांनाही ते तेव्हाच कळलं की आधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. देवळाच्या पायऱ्या उतरताना ते मला एवढंच म्हणाले, की उद्या रिक्षा सांग.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. रिक्षात मॉनिटर माझ्या मांडीवर, पेंग्विन काकांच्या मांडीवर, पायाशी बॅटरी, दोन माईक आणि उसना आणलेला मिक्सर. काकांनी हाफ पँट सोडून धोतर नेसलं होतं. वाटेत ते पेंग्विनला खड्डे लागू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते.

बुवा पडवीत आरामखुर्चीत बसले होते. मी मनात धिप्पाड माणूस रंगवला होता, समोर एक वाळका म्हातारा, गळ्याला मफलर. काका अंगणातच उभे राहिले. बुवांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्या सामानाकडे बघितलं, एकेक वस्तू उतरवून होईपर्यंत बघत राहिले. वीस वर्षांनी त्यांनी काकांना पहिला प्रश्न विचारला तो हा:

"पेटी खंय आसा?"

मी काकांकडे पाहिलं. घरात सात-आठ पेट्या, सगळ्या सुरात लावलेल्या, आणि आम्ही एकही आणली नव्हती. वायरीसुद्धा दोन जास्त घेतल्या होत्या.

"कॉम्प्युटर हाडलंय," काका कसेबसे म्हणाले.

"पेटयेशिवाय मी एकदाच गायलंय," बुवा म्हणाले. आवाज घोगरा होता, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. "लोक म्हणतत मी जिंकलंय. माका त्या दिसा माझो सूर गावत नव्हतो. म्हणून तुझ्या पेटयेर ढकललंय. परत पेटयेशिवाय गावचंय नाय."

बुवांनी सुनेला हाक मारली आणि माळ्यावरून काहीतरी काढायला सांगितलं. तिने जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक पेटी आणून काकांपुढे ठेवली. काकांनी लुगडं सोडलं आणि खाली बसले. त्यांचीच पेटी. देवगडच्या मंडपात टाकून आले होते ती. बुवांनी ती उचलून आणली होती आणि इतकी वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता.

हात लावू दिला नव्हता म्हणजे दुरुस्तीलाही. काकांनी भाता ओढला. जो सूर निघाला तो ऐकून मलासुद्धा दात आंबल्यासारखं झालं. दोन पट्ट्या मुक्या, एक दाबली की वर येईना, आणि उरलेल्या एकमेकींशी भांडलेल्या. वीस वर्षांची खारी हवा आत बसली होती. काका हात जोडून म्हणाले, "दोन दिस दी. नायतर एक तरी दी."

"फाल्या जातंय," बुवा म्हणाले. उद्याच गोव्याला निघायचं होतं.

मी मॉनिटर जोडला. एक माईक बुवांपुढे, एक पेटीपुढे. काकांनी सवयीने जॅक उघडलं आणि वायरी ओढायला घेतल्या. माईक एकला, एक दोनला. बुवा कुतूहलाने बघत होते. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना. सून पाणी घेऊन धावली. काकांनी माऊस सोडला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तां लाल बटण होता, तां खंय गो?"

मी ऑडॅसिटी उघडलं आणि लाल बटण दाबलं. श्रावणात पहिल्या दिवशी नापास केलेलं.

बुवांनी एक जुना गजर उचलला. हळू, बैलगाडीच्या चालीने. काकांची बोटं आधी चाचपडली, मुक्या पट्ट्या टाळत वाट शोधू लागली, मग तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी डोळे मिटले. बुवांचा आवाज वर जाताना तुटे, पेटी त्याला धरायला जाई तर ती भलतीकडेच निघे, आणि दोघं एकमेकांना सावरत पुढे जात. सून टाळ घेऊन बसली. लय वाढली. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले, आणि त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. पडद्यावर वर बुवांची रेघ नाचत होती, खाली पेटीची. मला गाण्यातलं काही कळत नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

गजर संपला तेव्हा मी बटण बंद करायला विसरले. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे अर्धा तास आहे: बुवांचा खोकला, चहाच्या कपबशा, आणि दोन म्हातारे देवगडच्या बारीत काळी दोन होती की काळी तीन यावरून कडाकडा भांडताहेत. बुवांचा बोलण्याचा आवाज जगात तेवढाच उरलाय.

दुसऱ्या दिवशी बुवा गोव्याला गेले.

दिवाळीच्या आधी मी काकांना म्हटलं, की दोन माईक वेगळे होते, पेटीची रेघ वेगळी आहे, हळू करता येईल. अगदी पुसूनही टाकता येईल, नुसता बुवांचा आवाज राहील. तालुक्यातल्या पेट्यांचे कान पिळणारा हा माणूस, मला वाटलं उडी मारेल. त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकलं. प्रत्येक चुकलेल्या सुराला त्यांची भुवई उडत होती.

"रवांदे," ते म्हणाले. राहिली पेटी तशीच.

क्लासातली बाकीची मशीनं पुढे यथावकाश शुद्ध झाली. आर्डर आणि जॅक मात्र काकांनी काढू दिलं नाही. मी मालवण सोडेपर्यंत ते रोज सकाळी येऊन दहा मिनिटं वायरी जोडून जात. वरून आता "सा… सा" खेरीज दुसरंही काही ऐकू येई. मसुऱ्याहून परत आणलेली ती बेसूर पेटी पडवीत होती, पण तिला त्यांनी हत्यार लावलं नव्हतं.

बुवा घरी आल्याचं कळलं तेव्हा आम्ही सीडी घेऊन मसुऱ्याला गेलो. बुवा त्याच खुर्चीत. मफलरच्या जागी पांढरं कापड. काही विचारायचं तर हाताने, नाहीतर नुसते ओठ हलवून. सुनेने सीडी लावली आणि त्या पडवीत त्यांचा आवाज परत आला. मला बुवांकडे बघवत नव्हतं, म्हणून मी काकांकडे बघत होते, आणि काका जमिनीकडे. गजर चढत गेला, टाळ्या आल्या, शेवटचा सूर लागला.

बुवांनी हात वर करून सीडी थांबवायला सांगितली. काकांना खुणेने जवळ बोलावलं. काका उठून समोर जाऊन उभे राहिले. बुवांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून ओठ हलवले. आवाज नव्हता, पण ते इतकं स्पष्ट होतं की दारात उभ्या असलेल्या मलाही वाचता आलं. पेटी बेसूर आसा.

काकांनी हात जोडले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."